खाली घेतलेली एसयूव्ही आणि लपवलेली हवागळती

जुनी आलिशान एसयूव्ही दाखवताना विक्रेता जर म्हणाला की, “आधीच्या मालकाने हौसेने गाडी खाली घेतली आहे, म्हणजे तिची उंची कमी केली आहे, एअर सस्पेन्शन ठणठणीत आहे,” तर त्याच्या शब्दावर व्यवहार करू नये. पुण्यातील एका विक्रेत्याने मला याच वाक्यावर गाडी विकली आणि त्या ‘हौसे’मागे गळके सस्पेन्शन दडवलेले होते.

अशा गाडीत पोलादी स्प्रिंगऐवजी प्रत्येक चाकापाशी हवा भरलेला रबरी बलून असतो. उंची मोजणारे सेन्सर प्रत्येक बाजूची स्थिती संगणकाला कळवतात आणि त्यानुसार हवा दाबून भरणारा कॉम्प्रेसर व ती बलूनांत सोडणारा-काढणारा व्हॉल्व्ह ब्लॉक हवा कमी-जास्त करतात. सेन्सरला जोडलेली छोटी लिंक, म्हणजे दांडी, बदलली, की संगणकाला गाडी आहे त्यापेक्षा उंच वाटते आणि तो तिला आपोआप खाली आणतो. हौशी लोक उघडपणे हा बदल करून घेतात, त्यात गैर काही नाही. माझ्या गाडीत मात्र याच लिंका गळती झाकण्यासाठी बसवल्या होत्या. गाडी कायमच खाली दिसत असल्यामुळे ती रात्रीतून आणखी बसते हे चटकन ध्यानात येत नव्हते; शिवाय कमी उंची गाठायला हवा कमी लागत असल्याने थकलेला कॉम्प्रेसरही कसाबसा काम निभावून नेत होता आणि इशाऱ्याचा दिवा लागत नव्हता. दरवेळी गाडी दाखवताना इंजिन आधीच सुरू करून ठेवलेले असे, त्याचे कारण मला नंतर उमगले: रात्रीतून बसलेली गाडी मी येण्याआधी हवा भरून वर यावी.

पुढे एका स्वतंत्र गॅरेजमध्ये मूळ मापाच्या लिंका बसवून गाडी नेहमीच्या उंचीवर नेली, तेव्हा पुढच्या दोन्ही बलूनच्या घडीत दडलेल्या भेगा उघड्या पडल्या. साबणाचे पाणी मारताच तिथे बुडबुडे आले. गळती भरून काढण्यासाठी सतत चालावे लागल्याने कॉम्प्रेसरही जळण्याच्या बेतात होता. विक्रेत्याचे उत्तर एकच होते: “गाडी आहे त्या स्थितीत विकली.” दोष ठाऊक असताना तो लपवून खोटे कारण सांगणे या शब्दांच्या आड कसे बसते, हे त्याने मला अजून सांगितलेले नाही.

म्हणून पैसे देण्याआधी गाडी सपाट जागी रात्रभर बंद उभी ठेवण्याचा आग्रह धरावा. चाकाच्या मध्यापासून मडगार्डच्या कडेपर्यंतचे अंतर चारही बाजूंना रात्री आणि सकाळी, इंजिन सुरू करण्यापूर्वी, टेपने मोजावे. एकच कोपरा बसला असेल तर संशय तिथल्या बलूनवर किंवा नळीवर घ्यावा. अनेक बाजू एकत्र बसल्या असतील तर व्हॉल्व्ह ब्लॉकही तपासून घ्यावा. गाडी लिफ्टवर चढवून सेन्सरच्या लिंका मूळच्या आहेत का, हे जाणकाराकडून पाहून घ्यावे आणि गाडी सर्वांत वरच्या उंचीवर नेऊनच बलून तपासावेत. विक्रेता या तपासणीला नकार देत असेल, तर तिथून उठावे.

सस्पेन्शनविषयीचे प्रत्येक आश्वासन लेखी घ्यावे. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक १९१५ आहे. ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ नुसार तक्रारीचे कारण घडल्यापासून दोन वर्षांच्या आत ग्राहक आयोगाकडे जाता येते. माझी तक्रार मी बदललेल्या लिंका, भेगांची छायाचित्रे आणि गॅरेजचा लेखी अहवाल जोडून दाखल करत आहे.