आईचा गुडघा आणि पुणे–नागपूर विमान: ११ महिन्यांनंतर

जुलै २०२५ ते मे २०२६ या काळात मी पुणे–नागपूर मार्गावर १८ वेळा विमानात बसले. त्यातल्या ७ वेळा आई सोबत होती. वय ७४, उजवा गुडघा सप्टेंबरात बदललेला. तीन कंपन्या वापरून झाल्या. नावं मुद्दाम घेत नाही, कारण एका फेरीत आवडलेली कंपनी पुढच्याच फेरीत मनातून उतरली, असं दोनदा झालंय.

सुरुवात आईच्या भीतीपासून झाली. १२ जून २०२५ ला अहमदाबादला विमान पडलं. आतल्या २४२ पैकी एकच माणूस वाचला. आईने ते दिवसभर टीव्हीवर बघितलं आणि संध्याकाळी फोनवर जाहीर केलं, "मले नाही बसायचं विमानात. बसनं येतो मी." पुण्यातल्या गुडघ्याच्या डॉक्टरांची वेळ तर ठरलेली. दादा म्हणाला, समृद्धी आता पूर्ण झालाय, गाडीने आणून सोडतो. मी त्याला १ जुलै २०२३ ची आठवण करून दिली. सिंदखेडराजाजवळ याच रस्त्यावर नागपूरहून पुण्याला निघालेली खासगी बस पेटली होती आणि २५ जण गेले होते. आपल्याला रस्त्याची भीती वाटत नाही, कारण रस्ता रोजचा असतो. ऑगस्टात अजनी–पुणे वंदे भारत सुरू झाली तेव्हा तीही चाचपली. पण त्या गुडघ्याला १२ तास खुर्चीत बसवणं आईलाच नको होतं. राहिलं विमान.

मग मी दोन आठवडे 'सुरक्षित कंपनी' शोधत बसले. 'जगातल्या सर्वांत सुरक्षित २५ कंपन्या' छापाच्या याद्या वाचल्या. त्यांचा पुणे–नागपूरवाल्यांना काडीचा उपयोग नाही. आयाटा या विमान कंपन्यांच्या जागतिक संघटनेची 'आयोसा' नावाची सुरक्षा तपासणी असते, ती कोणत्या कंपनीने पार केली आहे हे नेटवर कुणालाही बघता येतं. ते बघून घ्यावं, पाच मिनिटांचं काम आहे. डीजीसीए, म्हणजे विमान कंपन्यांवर नजर ठेवणारं सरकारी खातं, दर महिन्याला अहवाल काढतं, त्यात वेळ किती पाळली, उड्डाणं किती रद्द झाली, १०,००० प्रवाशांमागे तक्रारी किती आल्या हे कंपनीवार दिलेलं असतं. सुरक्षेबद्दल त्यातून काही कळत नाही, पण मनस्तापाचा अंदाज चांगला येतो. माझा मुलगा तर फ्लाइटरडार या विमानांचा माग दाखवणाऱ्या ॲपवर विमानाचा 'व्हीटी'ने सुरू होणारा नंबर काढून त्याचं वय सांगायला लागला. "आज्जी, तुझं विमान चार वर्षांचं आहे." आईला ते फार आवडलं. मला विचाराल तर वयात फारसं काही नाही, देखभाल महत्त्वाची, आणि ती आपल्याला खिडकीतून दिसत नाही.

शेवटी मनाशी एवढं धरलं: देशातल्या सगळ्या कंपन्यांवर नजर ठेवणारी यंत्रणा एकच, विमानतळ तेच, विमानंही बहुतेक त्याच दोन कारखान्यांची. त्यांच्यात सुरक्षेचा जो काही फरक असेल तो तिकीट काढणाऱ्याला कळण्याजोगा नाही. आपल्या हातात वेळ आहे, सीट आहे, आणि गडबड झाल्यावर कोण कसं वागतं ते लक्षात ठेवणं आहे.

हे मला नीट पटलं ते ऑगस्टातल्या एका संध्याकाळी. आईची ही दुसरीच फेरी. पुण्याच्या लोहगाव विमानतळावर मुसळधार पाऊस. खाली दिवे दिसायला लागले, आता चाकं टेकणार, इतक्यात इंजिनं एकदम गरजली आणि विमान पुन्हा वर निघालं. आईने माझं मनगट असं धरलं की दुसऱ्या दिवशी वळ होता. "काय झालं वं?" पाच-सात मिनिटांनी कॅप्टनचा शांत आवाज आला. वारा मध्येच फिरला, धावपट्टी नीट दिसली नाही, म्हणून उतरलो नाही, पुन्हा प्रयत्न करतो. दुसऱ्या खेपेलाही तेच झालं आणि आम्ही हैदराबादला गेलो. तिथे दोन तास विमानातच बसून, रात्री एक वाजता पुण्यात. मागच्या रांगेतले एक काका एअरहोस्टेसवर खेकसत होते, "बाकीची विमानं उतरली की!"

मला मात्र कोझिकोड आठवत होतं. ७ ऑगस्ट २०२०, असाच पाऊस, टेकडीवरची धावपट्टी. विमान धावपट्टीवर निम्म्याच्या आसपास जाऊन टेकलं. शेजारच्या वैमानिकाने पुन्हा वर घ्या म्हटलेलं असतानाही उतरवलं गेलं, असं चौकशीत निघालं. २१ जण गेले. त्यामुळे जो वैमानिक दोनदा उतरायचं टाळतो आणि शेकडो प्रवाशांच्या शिव्या खाऊन हैदराबादला जातो, त्याच्या मागे बसायला माझी तयारी आहे. त्या कंपनीला माझ्याकडून पूर्ण गुण. त्यांचं सँडविच मात्र थंडगार आणि महाग.

डिसेंबरातला गोंधळ सगळ्यांनाच आठवत असेल. वैमानिकांची आठवड्याची सुट्टी ३६ वरून ४८ तास झाली, रात्रीच्या लँडिंगवर मर्यादा आली, आणि देशातल्या सर्वांत मोठ्या कंपनीची हजारो उड्डाणं रद्द झाली. त्या आठवड्यात आमचं तिकीट नव्हतं, सुटलो. पण तेव्हा लोक नियमाला शिव्या घालत होते, ते मला पटलं नाही. झोप झालेला वैमानिक मला हवाच आहे. नियमाची तारीख खूप आधीपासून माहीत होती, माणसं वाढवायचं काम कंपनीचं होतं.

आता आरामाबद्दल, कारण रोजचा त्रास तिथेच आहे.

नागपूरला एप्रिल-मेमध्ये दुपारचं विमान घेऊ नका. जमीन तापते, हवा उकळत्या पाण्यासारखी वर येते आणि उतरताना विमान गचके खातं. एप्रिलमध्ये एकदा स्वस्त मिळालं म्हणून दुपारी तीनचं काढलं. आईच्या पोटात गोळा, माझ्या मांडीवर कागदी पिशवी. त्यानंतर सकाळी सहाचंच. हवा शांत असते, शिवाय दिवसाचं पहिलं विमान असल्यामुळे आधीच्या फेरीचा उशीर त्याच्या डोक्यावर नसतो. पहाटे साडेतीनला उठावं लागतं. आई तशीही उठलेलीच असते.

पट्ट्याचा दिवा विझला तरी पट्टा सोडायचा नाही, हा आमच्यात नियम. मे २०२४ मध्ये लंडनहून सिंगापूरला निघालेल्या विमानाला असा तडाखा बसला की लोक छतावर आदळले होते.

सीट कोणती घ्यावी? उजवा गुडघा असेल तर 'सी', डावा असेल तर 'डी'. 'सी'वर बसलं की मोकळी वाट उजव्या हाताला येते, उजवा पाय अधूनमधून तिकडे लांबवता येतो. ट्रॉली येताना दिसली की आत घ्यायचा. हे आम्हाला कुणी सांगितलं नाही, दोन फेऱ्या पाय अवघडून घेतल्यावर कळलं. इमर्जन्सी दाराच्या रांगेत जागा भरपूर असते, पण चालायला त्रास असलेल्यांना तिथे बसू देत नाहीत, आणि ते बरोबरच आहे. पंखाजवळच्या रांगांत गचके कमी जाणवतात, पण आईला दारापर्यंत कमी चालायचं म्हणून आम्ही पुढची रांग घेतो. पैसे वेगळे पडतात. यावर मी अजून चरफडते.

चाकाची खुर्ची ४८ तास आधी सांगून ठेवावी, पैसे लागत नाहीत. सांगितलेली वेळेवर मिळेलच असं नाही. एकदा पुण्यात उतरल्यावर ३५ मिनिटं खुर्ची आली नाही. सफाईवाले आत आले, आम्ही दोघी बसलेल्या. पण त्या विमानातली एक मुलगी शेवटपर्यंत आईजवळ थांबली, तिला पाणी दिलं, दोनदा वॉकीटॉकीवर भांडली. दुसऱ्या एका कंपनीत खुर्ची लगेच आली, पण विमान लांब उभं होतं आणि जिना उतरायला आईला दोन माणसांनी अक्षरशः उचललं. तिला ते फार लागलं. तेव्हापासून खुर्ची मागतानाच मी विचारते: जिना आहे, रॅम्प आहे की अँब्युलिफ्ट (खुर्चीसकट खाली उतरवणारी गाडी)? उत्तर बहुतेकदा गोलमाल असतं.

ज्यांचा गुडघा बदललाय त्यांनी तपासणीसाठी वेळ हाताशी ठेवावा. धातूमुळे दरवाजा वाजतो. मग पडद्यामागे सीआयएसएफच्या बाईंकडून तपासणी. आई पहिल्यांदा ओशाळली. आता लांबूनच सांगते, "बाई, माह्या गुडघ्यात लोखंड हाय."

उशिराबाबत एक लक्षात ठेवा. अडीच तासांपर्यंतचं उड्डाण असेल आणि दोन तास किंवा जास्त उशीर होणार असेल, तर खाणं-पिणं द्यायचा नियम आहे. नागपूरला तीन तास खोळंबलो तेव्हा काउंटरवर आधी "तसं काही नसतं" म्हणाले. डीजीसीएचा नियम फोनवर उघडून दाखवला, मग कूपन आलं. बाजूच्या चार कुटुंबांनाही मिळालं.

आणि आईची पिशवी. त्यात औषधं, चष्मा, संत्रा बर्फी, सगळं. ती पिशवी ती सोडत नाही. मी तिला हानेडाचं सांगितलं: जानेवारी २०२४ मध्ये टोकियोत विमान पेटलं आणि ३७९ च्या ३७९ लोक बाहेर आले, कारण सामान तिथेच सोडून निघाले. तिने सगळं लक्ष देऊन ऐकलं. "सारे वाचले? बरं झालं माय." मग जरा थांबून, "पण औषधं तरी खिशात ठेवतो मी."

पुढची तपासणी जूनमध्ये आहे. सहाचं विमान, २ सी. या वेळी सीटचं आईनेच फोन करून बजावलं.