खंडेनवमीला कारखान्याचं गेट कर्मचाऱ्यांच्या घरच्यांसाठी उघडायचं की शनिवारी झाडं लावायची?

वर्षाला एकाच कार्यक्रमाचं बजेट असेल, तर एचआरची निवड बहुधा या दोघांत अडते.

झाडांच्या बाजूने हिशेब भक्कम. 2013 च्या कंपनी कायद्यानुसार ठराविक मर्यादेवरच्या मोठ्या कंपन्यांना सीएसआरसाठी, म्हणजे समाजोपयोगी कामांसाठी, मागच्या तीन वर्षांच्या सरासरी निव्वळ नफ्याचे किमान 2 टक्के खर्च करावे लागतात. वृक्षारोपण नीट प्रकल्प म्हणून केलं तर त्यात बसू शकतं; फक्त कर्मचारी आणि त्यांच्या घरच्यांसाठीचा कार्यक्रम बसत नाही. पेपरात फोटोही छापून येतो. पण आमच्याकडे हे सुट्टीच्या शनिवारी, हजेरी घेऊन झालं. पन्नास माणसं, सात फावडी, एक भलामोठा फ्लेक्स. मार्चमध्ये पाणी कोण घालणार, हे कुणी विचारलंच नाही.

खंडेनवमीला मात्र मशीन बंद, त्यांना झेंडूचे हार, आणि घरची मंडळी शॉपफ्लोअरवर. शेजारच्या लेथवरचा टर्नर मुलीला सांगत होता, "यात बाबा लोखंड सोलतो."
"बटाट्यासारखं?"
"तस्संच."
नंतर महिनाभर तो ही गोष्ट सांगत होता. खर्च म्हणाल तर पेढे, चहा, दोन बस. आणि त्या संध्याकाळी प्रत्येकाच्या व्हॉट्सॲप स्टेटसवर कंपनीच. अशी प्रसिद्धी फ्लेक्स लावून मिळत नाही.

केमिकल प्लांटमध्ये पोरंबाळं आणणं धोक्याचं, तिथे झाडंच बरी. फक्त कामाच्या दिवशी लावा आणि तीन उन्हाळ्यांच्या टँकरचे पैसे आधी बाजूला काढा.