सोलापुरी कडक भाकरी आणि शेंगा चटणी: अंटार्क्टिकाच्या जहाजावर न्यायला कशी?

केप टाउनहून अंटार्क्टिकातल्या मैत्री किंवा भारती या भारतीय संशोधन केंद्राकडे निघालेलं जहाज ४० ते ६० अंश दक्षिणेत जबरदस्त डोलतं. पोटात काही ठरत नाही, तेव्हा कोरडं आणि बिनतेलाचंच बरं. सोलापूरची ज्वारीची कडक भाकरी इथे अव्वल. बाजरीची नेऊ नका, तिच्यातल्या तेलामुळे ती लवकर कडवट होते.

घेताना एक मोडून बघा. टक्कन तुटली तर घ्या. वाकली तर आत ओल आहे, बुरशी धरणारच. दुकानात मिळते त्या पातळ पिशवीत चुरा होतो. पाच-सहाची चळत सीलबंद करून पत्र्याच्या डब्यात ठेवा, पोकळीत कागद कोंबा. थर्माकोलचे मणी अजिबात नकोत, १९९१च्या माद्रिद प्रोटोकॉलने (अंटार्क्टिकाचं पर्यावरण जपण्याचा आंतरराष्ट्रीय करार) त्यांना तिथे बंदी आहे. फोडलेली चळत लगेच संपवा, नाहीतर भटारखान्याच्या वाफेने चिवट होते.

चटणी उखळात कुटलेलीच घ्या. मात्र सुटलेलं तेल हवा लागली की खवट होतं, म्हणून पाकिटं छोटी, पाव किलोचीच. डोलत्या टेबलावर ताटातली आमटी सांडते. खोल मगात भाकरी चुरा आणि आमटी अर्ध्यापर्यंतच ओता.

चवीला कुठल्याही बिस्किटापेक्षा शंभर पटींनी सरस!