सांगलीचं पाकीट की मुंबईची स्लिप?

गेल्या महिन्यात मावसभावाच्या मुलानं विचारलं, "काका, शेअर ब्रोकरकडं बॅक ऑफिसला, म्हणजे हिशेब-कागदपत्रांच्या कामाला, लागायचं तर सांगलीतच लागू का मुंबईला जाऊ?" पोरगं बी.कॉम. झालंय, एनआयएसएमची सिरीज सात (शेअर बाजारातल्या अशा कामाची परीक्षा) पास आहे, टॅली आणि एक्सेल बऱ्यापैकी येतं. त्याच्या हातात एक तोंडी शब्द होता आणि एक ऑफर लेटर. शब्द सांगलीच्या गणपती पेठेतल्या सबब्रोकरचा (मोठ्या ब्रोकरच्या हाताखाली गिऱ्हाइकं सांभाळणारा), महिना १२,०००. लेटर अंधेरीचं, वर्षाला तीन लाख. "दुपटीच्या वर आहे की," तो म्हणाला.

मी दोन्हीकडं नोकरी केली आहे, त्यामुळं मला तटस्थ समजू नका.

(सबब्रोकर हा शब्द आता कागदावर नाही. शेअर बाजारावर देखरेख करणाऱ्या सेबीनं २०१८ मध्ये तो प्रकार बंद केला आणि मार्च २०१९ पर्यंत बहुतेक जण ऑथराइज्ड पर्सन झाले. पाट्या बदलल्या, तोंडातला शब्द तोच राहिला. मीही तोच वापरतो.)

आधी त्या तीन लाखांबद्दल. २०१७ साली मला वर्षाला सव्वादोन लाखांचं लेटर मिळालं तेव्हा मी भागाकार करून आईला पावणेएकोणीस हजार सांगितले. पहिल्या महिन्यात खात्यावर पडले १४,८००. मालकाच्या वाट्याचा पीएफ, ईएसआयचा (कामगार विम्याचा) वाटा, ग्रॅच्युइटी हे सगळं त्या सव्वादोन लाखांतच धरलेलं असतं. त्यानंतर आपल्या वाट्याचा पीएफ कापतात आणि वर प्रोफेशन टॅक्सचे दोनशे. हे पैसे बुडत नाहीत, पीएफ तर पुढं कामालाच येतो. पण तुलना करायची तर हातात पडणाऱ्या रकमेची करा. सांगलीचे बारा म्हणजे बाराच, फक्त त्यात पीएफ नाही, ईएसआय नाही. पाच-सहा माणसांच्या ऑफिसाला ते कायदे लागूच होत नाहीत. पीएफला वीस माणसं लागतात, ईएसआयला दहा.

आता अनुभवाचं. सांगलीत मी चार वर्षं एका सबब्रोकरकडं होतो. ६,००० वर लागलो, सोडताना ९,५०० होते. केवायसी, टर्मिनलवर सौद्यांचं पंचिंग, डिमॅटच्या स्लिपा, लेजर, चेक बँकेत टाकणं, क्लायंटच्या शिव्या खाणं, सगळं करायचो. मुंबईच्या इंटरव्ह्यूत बाईंनी विचारलं, "मागच्या तीन महिन्यांच्या सॅलरी स्लिप? यूएएन नंबर? रिलिव्हिंग लेटर?" यूएएन म्हणजे पीएफचा कायमचा नंबर. माझ्याकडं तिन्ही नव्हतं. पगार पाच तारखेला पाकिटात मिळायचा, पाकिटावर पेन्सिलनं माझं नाव. त्यांनी मान हलवली आणि मला फ्रेशर म्हणून घेतलं. चार वर्षं हिशेबातून गेली. उलट मुंबईहून परत आलो तेव्हा इथल्या मालकांनी कागद बघितलाच नाही. "मुंबईला पे-इन बघत होता म्हणं," एवढ्यावर २१,००० ठरले. (पे-इन म्हणजे विकलेले शेअर आणि खरेदीचे पैसे वेळेत एक्स्चेंजकडं पोचवणं.) म्हणजे सांगलीतला अनुभव मुंबईत वटत नाही, मुंबईतला सांगलीत चढ्या भावानं जातो. वर्षं किती झाली यापेक्षा ती कुठून सुरू झाली यावर पगार ठरतो, निदान माझ्या बाबतीत तसं झालं.

मुंबईत पगार वाढतो तो कंपनी बदलल्यावर. एका जागी बसलं की दरवर्षी सहा-आठ टक्के, आणि त्या वेळी साहेब समजावतात की बॅक ऑफिस म्हणजे खर्चाचं खातं. माझ्या टेबलावरच्या दोघांनी उड्या मारल्या आणि माझ्या पुढं गेले. मी एकदाच बदलली. सोडताना हातात २६,४०० पडत होते.

पण मी पगारावरून परत आलो नाही. परत आलो खानावळीवरून.

राहायला डोंबिवलीला, एका खोलीत चौघं. ऑफिस अंधेरीला, म्हणजे मेट्रोनं घाटकोपर आणि तिथून लोकल. बिल्डिंगच्या तळमजल्यावर एका मावशींची खानावळ होती. रात्रीचं जेवण, महिना २,४००, पैसे आगाऊ. आमटी अशी की भाताशिवाय दोन वाट्या प्याव्यात. पण पावणेदहाला दाराला कुलूप. डबा झाकून जिन्यात ठेवा म्हटलं तर मावशी म्हणायच्या, "मांजर आहे." त्यांचंही बरोबर होतं. सकाळी पाचला उठणारी बाई माझ्यासाठी किती जागेल?

आमचं काम सुरूच व्हायचं मुळी साडेतीनला बाजार बंद झाल्यावर. सौदे टाकणारे डीलर चारला चहा पिऊन मोकळे. एक्स्चेंजच्या फायली संध्याकाळी यायच्या, मग टॅली करायचं, कॉन्ट्रॅक्ट नोट (सौद्याच्या पावत्या) सोडायच्या, मार्जिनचा (सौद्यापोटी ठेवलेल्या रकमेचा) रिपोर्ट, कुणाचे शेअर कमी पडतात ती यादी. टी प्लस टू, म्हणजे सौदा दोन दिवसांनी पुरा, होतं तोवर उरलंसुरलं सकाळवर ढकलता यायचं. २७ जानेवारी २०२३ ला सगळे शेअर टी प्लस वनवर आले आणि ती सकाळ गेली. आजचा सौदा उद्या पुरा व्हायला हवा, म्हणजे यादी आजच हवी. सव्वाआठ हे सुटायचं चांगलं टाइम झालं. घरी पोचायला दहा. मावशींचं कुलूप पावणेदहाचं.

मला हिशेब लिहायची खोड आहे. त्या फेब्रुवारीत डायरीत टिकमार्क केले, तर अठ्ठावीस दिवसांत खानावळीत जेवलो तेरा वेळा. उरलेल्या रात्री स्टेशनाबाहेर भुर्जी-पाव, नाहीतर बिर्याणी, शंभर-दीडशे रुपये. मावशींचे २,४०० गेले ते गेलेच, वर जवळपास दोन हजार. खोली, पास, महिन्या-दीड महिन्याला महालक्ष्मीनं सांगलीची एक चक्कर, सगळं वजा जाता हातात नऊ हजारांच्या आसपास उरत होते. पैशाचं सोडा. कुलूप बघून जिना चढायचा त्याचा मला इतका राग यायचा की मार्च लागायच्या आत राजीनामा टाकला. मित्र हसले, "जेवणासाठी नोकरी सोडतोस?" होय, जेवणासाठीच.

सांगलीत २१,००० वर आलो आणि महिन्याला अकरा हजार उरायला लागले. यात एक मोठी मेख आहे: घर आमचं आहे. तुम्ही आटपाडीहून किंवा जतहून येऊन विश्रामबागला भाड्यानं राहणार असाल तर माझं गणित तुम्हाला जसंच्या तसं लागू पडणार नाही.

कामात फरक आहे तो असा. मुंबईत पाच वर्षांतली चार मी एकच टेबल केलं, पे-इन. त्यात मी पक्का झालो, पण शेजारचं टेबल काय करतं हे मला चहाच्या वेळी कळायचं. इथं सगळं एकट्यावर. शिवाय एक काम असं आहे जे मुंबईत मी हातात धरलं नव्हतं: कागदी शेअर. एप्रिल २०१९ पासून कागदी शेअर दुसऱ्याच्या नावावर होत नाहीत, आधी डिमॅट करावे, म्हणजे कागदावरून कॉम्प्युटरच्या खात्यात आणावे लागतात. त्यामुळं म्हातारी माणसं पिशव्या घेऊन येतात. परवा एक आजोबा आले, सर्टिफिकेटच्या मधोमध तपकिरी रेघ. २०१९ च्या पुराचं पाणी कपाटात तिथवर चढलं होतं. खालच्या अर्ध्या भागातली सही पुसट झालेली, नाव जुन्या स्पेलिंगचं, डिव्हिडंड सात वर्षांवर न उचललेला, म्हणजे शेअर सरकारच्या आयईपीएफकडं (गुंतवणूकदारांसाठीच्या निधीकडं) गेलेले. ते परत आणायला किती फॉर्म लागतात हे ज्याला माहीत आहे, त्याला मालक सोडत नाहीत. माझा पगार २१ वरून २६ झाला तो या पिशव्यांवर.

तरी सांगलीचं गुलाबी चित्र रंगवत नाही. मालकांची कमाई म्हणजे ब्रोकरेजमधला वाटा. नोव्हेंबर २०२४ पासून प्रत्येक एक्स्चेंजला ऑप्शनच्या सौद्यांची एकच साप्ताहिक एक्स्पायरी (मुदत संपायचा दिवस) राहिली, आमच्याकडचे ऑप्शनवाले निम्मे थंडावले, आणि त्या वर्षी पगारवाढीचं विचारलं तर उत्तर आलं, "बघू की दिवाळीला." दिवाळीला एक पगार बोनस मिळाला, वाढ नाही. मुंबईच्या कंपनीत सहा टक्के तरी ठरलेले होते. इथं बाजार पडला की कारकुनाच्या पाकिटालाच आधी कळतं.

पुण्याचं विचाराल तर पगार दोन्हीच्या मधला. माझा एक मित्र तिथल्या शाखेत आहे. बॅक ऑफिसला असूनही महिन्याला चार डिमॅट खाती आणायचं टार्गेट. तासगावातले त्याचे सगळे मामा संपले, आता बायकोच्या माहेरचे चालू आहेत. मला ते जमलं नसतं. ज्याला बोलायची हौस आहे त्यानं जरूर बघावं.

पुतण्याला मी काय म्हणालो? जा म्हणालो. दोन-तीन वर्षं जा, स्लिपा गोळा कर, यूएएन काढून घे, शक्यतो ऑफिसच्या बाजूच्या लाइनवर खोली बघ. आणि खानावळवाल्या मावशींना पहिल्याच दिवशी कुलपाची वेळ विचार. पण तिथं मुळं धरू नकोस, असंही म्हणालो, आणि ते जरा जास्त जोरात म्हणालो बहुतेक, कारण त्याची आई माझ्याकडं बघून हसली.

आमच्या ऑफिसात अजून स्लिप नव्हतीच. मालक म्हणायचे, "तुला कशाला कागद? मी आहे ना." शेवटी मीच एक्सेलमध्ये नमुना केला. दर महिन्याच्या पाच तारखेला प्रिंट काढून त्यांच्या पुढं ठेवतो. ते चष्मा वर करून सही करतात आणि दर वेळी विचारतात, "लोन काढतोयस का रे?"