नगरपरिषदेची नवी नाली आणि नालेसफाई : पाचपैकी दोन तारे

नगरपरिषदेचं नाव लिहीत नाही. मराठवाड्यातलं तालुक्याचं गाव आहे, तुम्ही तुमच्या गावाचं नाव घालून वाचलं तरी चालेल. बाजाररस्ता जिथं उतरून नाल्याला भिडतो, तिथं माझी पिठाची गिरणी आहे. म्हणजे वरच्या सगळ्या आळ्यांचं पाणी माझ्या दारावरून जातं. हे पाणी नीट वाहून नेणं ही सेवा, आणि तिचे पैसे मी घरपट्टीत भरतो. मग अभिप्राय द्यायला हरकत काय?

आधी दिसतं ते. जुनी दगडी नाली उखडून सिमेंटची केली. दिसायला झकास. भिंती सरळ, कडेला पेव्हर ब्लॉक, उद्घाटनाला नारळ, फलकावर नावं. दिसण्याला मी पूर्ण तारा दिला असता, पण नाली बघायला कोणी बांधत नाही.

पहिला दणक्याचा पाऊस झाला तो महालक्ष्म्यांच्या तोंडावर. गिरणीत डब्यांची रांग लागलेली. पाणी नाल्याकडं जायचं सोडून माझ्या उंबऱ्यावरून आत आलं आणि थेट मोटरीच्या खड्ड्यात उतरलं. दहा एचपीची मोटर, वाइंडिंग गेलं. ऐन सणात लोकांना डबे उचलून दुसऱ्या गिरणीवर जावं लागलं. बायका मलाच बोलल्या, आणि ते बरोबरच होतं, त्यांनी कुणाला बोलावं?

नगरपरिषदेत गेलो तर अभियंता साहेब म्हणाले, "काका, उतार डिझाइनप्रमाणेच आहे. कचरा अडकला असंल." कचरा होता, नाही म्हणत नाही. पण कचरा काढल्यावरही पाणी हलंना. मग मी आमच्या ओळखीच्या मिस्त्रीला बोलावलं. त्यानं लेव्हलची नळी आणली, तीच पारदर्शक, पाणी भरलेली, जिच्यावर अख्ख्या गावाची घरं बांधली गेलीत. टप्प्याटप्प्यानं खुणा करत नाल्यापर्यंत गेला. गिरणीपाशी खुणेपासून नालीचा तळ साडेतीन फूट खाली भरला आणि नाल्याच्या तोंडाशी सव्वातीन. मिस्त्री उकिडवा बसूनच म्हणाला, "मालक, नाल्याकडं चार बोटं वर हाय. पाणी चढंल कसं?"

गाळ बसू नये म्हणून पाण्याला सेकंदाला किमान 0.6 मीटर वेग हवा, असं अभियंतेच धरतात. इथं वेगाचं सोडा, दिशाच उलटी. त्यात घरोघरचं सांडपाणीही याच नालीत. त्यामुळं पाऊस नसला तरी माझ्या दारात काळं पाणी तुंबलेलं आणि संध्याकाळी डासांचा थवा.

आता पैशाचं. नाल्या बांधणं, राखणं हे नगरपरिषदेचं बंधनकारक काम आहे. 1965 च्या महाराष्ट्र नगरपरिषद अधिनियमाच्या कलम 49 मध्ये तसं आहे. पण 1992 च्या 74 व्या घटनादुरुस्तीनं शहरांना जे 18 विषय दिले, त्या यादीत कोंडवाडा आहे, स्मशान आहे, कत्तलखाना आहे, पावसाच्या पाण्याचं नाव नाही. निधीतही तीच गत. पंधराव्या वित्त आयोगानं 2021 ते 2026 साठी आमच्यासारख्या शहरांना जे अनुदान ठरवलं, त्यातलं 60 टक्के ठरावीक कामांनाच बांधलेलं होतं : निम्मं स्वच्छता-घनकचऱ्याला, निम्मं पिण्याचं पाणी नि पाऊसपाणी साठवणीला. उरलेल्या 40 टक्क्यांवर रस्ता, दिवे, नाली, सगळ्यांचा डोळा. शिवाय ते पैसे पगाराला चालत नव्हते. म्हणजे नवी नाली बांधायला निधी आणता येतो, ती रोज उपसायला माणूस ठेवायचा तर तिजोरी स्वतःची लागते. आणि आमची तिजोरी म्हणजे थकलेली घरपट्टी. म्हणूनच चांगली दगडी नाली उखडून सिमेंटची होते. बांधकामात फलक लागतो, बिल निघतं, गुत्तेदार खुश. उपसण्यात काय मिळतं?

नालेसफाईचं सांगायचं तर मे महिन्यात जेसीबी येतो. बिल तासावर, म्हणून फिरतो भरपूर. गाळ काढून काठावरच ठेवतो, आणि मृगाच्या पहिल्या सरीला तो गाळ घरी परततो. मात्र आमच्या प्रभागातले दोन सफाई कामगार फावडं-घमेलं घेऊन गुडघाभर घाणीत उतरतात, ते सुद्धा हातमोज्याविना. दिलेले दोन्ही तारे त्यांचे आहेत. नगरपरिषदेनं त्यातला एकही आपला समजू नये.

दुकानदार मंडळींनाही सांगतो. नालीवर फरशी टाकून ओटा वाढवायचा आणि तुंबलं की नगरसेवकाला फोन लावायचा, हे बंद करा. वर गावाबाहेर प्लॉटिंगवाल्यांनी ओढा बुजवून रस्ता काढला, तेही पाणी आता इकडंच. 500 चौरस मीटर किंवा त्याहून मोठ्या प्लॉटवर नवं बांधकाम असेल तर पावसाचं पाणी जिरवायची सोय सक्तीची आहे. नकाशावर ती खूण असतेच. खड्डा कुठं आहे ते दाखवा म्हणलं की विषय बदलतो.

पुतण्या अमेरिकेत असतो. तिकडं कित्येक गावांत पावसाच्या पाण्याची पट्टी वेगळी घेतात, ज्याचं छप्पर नि फरशी जास्त त्याला जास्त. वॉशिंग्टन राज्यातल्या बेलव्ह्यू शहरानं त्यासाठी 1974 सालीच स्वतंत्र खातं काढलं. तशी पट्टी इथं लावली तर मी भरीन, माझं पत्र्याचं छप्पर मोजून घ्या. अट एकच, तो पैसा दुसरीकडं वळवायचा नाही.

"आपल्याकडं पाऊसच कुठं पडतो" असं म्हणणारे अजून भेटतात. 2016 ला लातूरला रेल्वेनं पाणी आणलं हे खरं. सप्टेंबर 2025 ला याच मराठवाड्यात शेतातली मातीसुद्धा वाहून गेली, तेही खरं.

मोटर मी आता दीड फुटाच्या ओट्यावर चढवली आहे. मुख्याधिकाऱ्यांकडं अर्ज दिला आहे, मोजमाप पुस्तिकेत, म्हणजे झालेल्या कामाची मापं लिहायच्या वहीत, या नालीच्या तळाच्या लेव्हल काय लिहिल्यात त्याची नक्कल द्या म्हणून. माहिती अधिकारात त्याला 10 रुपयांचं कोर्ट फी तिकीट लागतं. तुमच्या दारी नवी नाली येत असेल तर बिल निघायच्या आधी मिस्त्री आणि नळी घेऊन जा, दोन्ही टोकांचा तळ मोजा, फोटो काढा आणि लेखी द्या. दोषदायित्वाचा काळ, म्हणजे कामातल्या दोषाला गुत्तेदार बांधील असतो तो काळ, संपायच्या आत दिलं तर दुरुस्ती गुत्तेदाराच्या खर्चानं करून घेता येते, नंतर ती पुन्हा आपल्याच घरपट्टीतून.