बाराव्या यूमध्ये दोन सर्व्हर: नेटबॉक्स वापरून वर्षभराने

पणजीच्या मुख्य कचेरीत सर्व्हरचा एक रॅक, वेर्ण्याच्या गोदामात दुसरा, मडगाव आणि म्हापशाच्या शाखांत भिंतीला टांगलेली दोन कपाटं, शिवाय मुंबईत भाड्याने घेतलेली पाच-सहा व्हर्च्युअल मशीन. एवढा आमचा पसारा, सांभाळणारे आम्ही तिघे. सगळा हिशेब एका एक्सेल शीटमध्ये, आणि त्या शीटच्या चार प्रती. एकीचं नाव 'फायनल', दुसरीचं 'फायनल खरी'.

गेल्या वर्षी ऐन पावसात वेर्ण्याचा एक सर्व्हर बसला. शीटमधलं मॉडेल बघून मी त्याचा पॉवर सप्लाय काखोटीला मारला, झुआरीचा पूल ओलांडून गेलो, रॅक उघडला तर आत भलतंच मशीन. दोन वर्षांपूर्वी बदललेलं. बदलणारा मीच, शीटमध्ये न लिहिणाराही मीच. भिजत परत पणजीला आलो आणि त्याच आठवड्यात नेटबॉक्स बसवलं, म्हणजे कोणतं यंत्र कुठल्या रॅकमध्ये, कोणती केबल कुठे आणि कोणता आयपी पत्ता कोणाचा याची नोंद ठेवणारं सॉफ्टवेअर.

हे मूळ डिजिटलओशन कंपनीत जेरेमी स्ट्रेच यांनी लिहिलं, २०१६ साली ओपन सोर्स झालं. स्वतःच्या मशीनवर चालवलं तर फुकट. मागे माहिती साठवायला पोस्टग्रेस आणि रेडिस हे डेटाबेस लागतात. डॉकरवर, म्हणजे सगळं तयार बांधून मिळणाऱ्या कंटेनरमध्ये, आमचं एका दुपारी उभं राहिलं. खरी मेहनत पुढे आहे.

नेटबॉक्स भलतं शिस्तीचं आहे. नुसतं 'सर्व्हर, आयपी अमुक' लिहून सुटका नाही. आधी साइट, मग उत्पादक, मग मॉडेल, मग त्या यंत्राची भूमिका, आणि तेव्हा कुठे यंत्र. आयपीसुद्धा यंत्राच्या ठरावीक इंटरफेसला, म्हणजे नेटवर्क पोर्टला, चिकटवायचा, तरच तो मुख्य आयपी म्हणून नेमता येतो. पहिले दोन दिवस मी वैतागलो. बऱ्याच मॉडेलांचे तयार साचे गिटहबवर मिळतात, तेवढाच आधार.

मग शीटची सीएसव्ही फाइल करून वेर्ण्याचा रॅक एकगठ्ठा भरायला घेतला आणि एका ओळीवर गाडी अडली: बारावा यू (रॅकच्या उंचीतला बारावा कप्पा) आधीच व्यापलेला आहे. शीट उघडली. खरंच, दोन सर्व्हर एकाच जागी, आणि एक्सेलने कधी हूं की चूं केलं नव्हतं. वेर्ण्याच्या पोराला फोन केला, तर तो टॉर्च मारून म्हणतो, "पात्रांव, हांगा एकूच आसा." (साहेब, इथे एकच आहे.) दुसरा कधीच भंगारात गेला होता. त्याच्या नावाने अडवून ठेवलेला आयपी मात्र आम्ही इमानेइतबारे राखत होतो!

केबलचा माग काढणं मला सगळ्यात आवडलं. सर्व्हरच्या पोर्टवर ट्रेस दाबा, पॅच पॅनलमधून (केबली जिथे एकत्र जोडतात ती पट्टी) पार स्विचच्या पोर्टपर्यंतचा रस्ता दिसतो. आपल्याकडच्या दमट हवेत केबलवरचं लेबल दोन पावसाळे धरत नाही, त्यामुळे हे फार सोयीचं. कोणी काय बदललं, आधी काय होतं, तेही नोंदलं जातं. पण ही नोंद मुळात ९० दिवसच राहते. जास्त हवी असेल तर सेटिंगमध्ये सुरुवातीलाच वाढवून घ्या. मला उशिरा कळलं.

आता एक गोष्ट आधीच समजून घ्या. नेटबॉक्स स्वतःहून नेटवर्क धुंडाळत नाही, आणि सर्व्हर चालू की बंद हेही बघत नाही. काय असायला हवं एवढंच ते सांगतं. आमच्यातला एक जण महिनाभर त्यात लाल दिवा शोधत होता. त्यासाठी मॉनिटरिंग वेगळंच लागतं. आम्ही एपीआयमधून, म्हणजे प्रोग्रॅमने माहिती काढायच्या वाटेने, यादी काढून तिकडे देतो, म्हणजे दोनदा टाइप करायला नको. पासवर्ड ठेवायची सोय पूर्वी होती, ३.० आवृत्तीत ती काढली. बरंच झालं म्हणायचं, नाहीतर आमच्या लोकांनी सगळं तिथेच कोंबलं असतं.

एकच कपाट आणि दहा यंत्रं असतील तर या फंदात पडू नका, शीट पुरे. कोणाकडे कोणता लॅपटॉप हे ठेवायचं असेल तर स्नाइप-आयटी हे दुसरं सॉफ्टवेअर बरं. आमच्यासारखी चार ठिकाणं आणि तीन विसराळू माणसं असतील, तर मात्र हेच घ्या.

म्हापशाचं कपाट अजून भरायचं आहे. तिथली सगळी लेबलं गळून खाली पडली आहेत, एकेक वायर ओढून बघावी लागेल. चवथ (गणेश चतुर्थी) झाली की जातो.