जुना डीएसएलआर की नवा मिररलेस?

भिगवणला फ्लेमिंगो टिपायला जायचंय आणि खिसा मर्यादित आहे, तर माझा कौल अजूनही सेकंडहँड डीएसएलआरला, म्हणजे आत आरसा असलेल्या कॅमेऱ्याला. निकॉन डी३५०० (2018) एका चार्जवर कंपनीच्या मापाने 1550 फोटो काढतो; त्याच वर्गातले मिररलेस तीन-चारशेवर मान टाकतात, म्हणजे होडीत बसताना खिशात दुसरी बॅटरी हवीच. शिवाय एफ माउंट (निकॉनची लेन्स जिथे बसते ती जागा) 1959 पासूनचा, जुन्या लेन्स मुबलक. फक्त एक मेख आहे: डी३५०० मध्ये फोकस मोटर नाही. स्वस्तातली 50 एमएमची एएफ-डी लेन्स (जिला कॅमेऱ्यातलीच मोटर लागते) उचललीत तर रिंग हातानेच फिरवत बसाल.

मिररलेसमध्ये आरसाच नाही, त्यामुळे लेन्सचा माउंट सेन्सरच्या जवळ येतो: निकॉनच्या एफमध्ये हे अंतर 46.5 मिमी, त्यांच्या मिररलेसच्या झेडमध्ये 16. व्ह्यूफाइंडरमध्ये फोटो उजळ येणार की काळवंडणार, ते बटण दाबण्याआधीच दिसतं. नवी मॉडेल्स पक्ष्याचा डोळा स्वतः पकडतात. आणि सायलेंट मोडवर 'खटॅक' नाही! कीर्तनात, बारशाला हे मोलाचं. व्हिडिओ करायचा असेल तर डीएसएलआरचा विचारही नको.

लेन्स न बदलता येणारा छोटा कॉम्पॅक्ट कॅमेरा? त्यापेक्षा खिशातला फोन बरा.